फ्लॅट पेठेत, उपनगरात की हद्दीबाहेर? आधी पाणी आणि ड्रेनेज बघा

साधारण त्याच बजेटमध्ये कोल्हापुरात तीन तऱ्हेची घरं दाखवली जातात. पेठेतला जुना आटोपशीर फ्लॅट, महापालिका हद्दीतल्याच उपनगरातला जरा मोठा, आणि हद्दीबाहेर पाचगाव, उचगाव, उजळाईवाडीकडचा ऐसपैस टू बीएचके. दर, पार्किंग, रस्ता हे तुम्ही बघालच. इथं फक्त चावीला, म्हणजे नळाला, पाणी कुठून येतं आणि मोरीतलं पाणी कुठं जातं, एवढंच बघू.

हद्दीतल्या घरांना पाणी महापालिकेचं. शिंगणापूर आणि बालिंगा इथून नदीचं पाणी उपसलं जायचं. 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी सुमारे 53 किलोमीटर पाईपमधून पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात आलं. ‘थेट पाईपलाईन’ची वाट शहरानं इतकी वर्षं पाहिली होती की पाणी आल्याची बातमीही आधी कुणाला खरी वाटेना. फायदा खरा आहे. पंचगंगेत वरच्या गावांचं काय काय मिसळतं याची धास्ती कमी झाली. 2019 आणि 2021 च्या महापुरात नदीकाठची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि दाराशी पूर असताना घागरी घेऊन टँकरमागं धावायची वेळ आली होती. आता ती भीतीही थोडी हलकी झाली. पण लांबच्या लाईनला गळती लागली, धरणावर वीज गेली की अर्ध्या शहराचा नळ कोरडा पडतो. म्हणून हद्दीत घर घेतलं तरी इमारतीला खाली पाण्याची मोठी टाकी आहे का, हे बघाच.

हद्दीबाहेरच्या उचगाव, गांधीनगर, पाचगाव या पट्ट्याला जीवन प्राधिकरणाच्या, म्हणजे राज्याच्या पाणीपुरवठा यंत्रणेच्या, गांधीनगर प्रादेशिक योजनेचा आधार. गावं वाढली त्या वेगानं योजना वाढली नाही. पाचगाव, आर. के. नगरची बाजू उंचावर, त्यामुळं पूर येत नाही, पण पाणीही शेवटी पोचतं. उरलेली तूट बोअर आणि टँकरवर. बोअर उन्हाळ्यात किती टिकतं, हे बिल्डरला नव्हे, शेजारच्या इमारतीत विचारा.

एवढ्यावर बरेच जण निर्णय घेतात. माझ्या मते खरा फरक पुढं आहे. पाणी कमी पडलं तर टँकर मागवता येतो. घाण पाण्याला वाट नसेल तर पैसे देऊनही ती सहज मिळत नाही.

पेठांत आणि राजारामपुरी, शाहूपुरीसारख्या जुन्या वसाहतींत रस्त्याखाली ड्रेनेज लाईन आहे. सांडपाणी जयंती नाल्यावरच्या पंपिंग स्टेशनवरून कसबा बावड्याच्या 76 एमएलडी (दिवसाला 76 दशलक्ष लिटर) क्षमतेच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जातं, दुधाळीला 17 एमएलडीचं दुसरं केंद्र आहे. सगळंच सांडपाणी तिथं पोचतं असं समजू नका, पावसात नाला भरला की बरंच थेट पंचगंगेत उतरतं. तो शहराचा मोठा प्रश्न. तुमच्या मोरीपुरतं बोलायचं तर घाण घरापासून लांब जाते. दोष आहेतच. लाईनी जुन्या, पाण्याची लाईन बऱ्याच ठिकाणी ड्रेनेजशेजारून. पाणी बंद असताना गळक्या जोडातून बाहेरची घाण आत ओढली जाते, म्हणून पाणी सुटल्यावर पहिल्या दोन-तीन बादल्या गढूळ आल्या तर दुर्लक्ष करू नका. आणि सुतारवाडा, दुधाळी, नागाळा पार्कच्या सखल भागात तळमजला घेऊ नका. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट. ती ओलांडल्यावर चेंबरमधूनच पाणी उलटं घरात येऊ शकतं.

उपनगरातला फ्लॅट फसवा असतो. पत्ता महापालिकेचा, घरफाळा महापालिकेचा, आणि ड्रेनेज मात्र ‘मंजूर आहे, काम व्हायचंय’. काम होईपर्यंत सेप्टिक टाकी. इमारतीसमोर रस्त्यावर चेंबरचं झाकण दिसतं का बघा. दिसलं तर त्यात इमारतीचं कनेक्शन खरंच जोडलंय का विचारा. पावसाळी गटार आणि ड्रेनेज एकच समजणारे एजंट पुष्कळ आहेत.

हद्दीबाहेर सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा हेच चित्र. खाली कातळ असला तर पाणी मुरत नाही, ओघळ शेजारच्या प्लॉटमध्ये जातो आणि भांडणं सुरू होतात. मोठ्या प्रकल्पात स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा छोटा प्लांट, असतो. ताबा देताना तो चालू असतोच. दोन वर्षांनी वीजबिल आणि ऑपरेटरचा पगार सोसायटीवर आला की त्याचं काय होतं, ते जुन्या प्रकल्पात जाऊन, शक्यतो वास घेऊनच, ठरवा.

घरात म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर मी सखल भाग टाळून पेठेतलाच छोटा, पण ड्रेनेजला जोडलेला फ्लॅट घेईन, वरच्या मजल्यावरचा. गाड्या दोन आणि पार्किंगशिवाय चालत नसेल तर उपनगर, मात्र चेंबर बघून. हद्दीबाहेर जायचंच असेल तर दोन-चार वर्षं माणसं राहत असलेली इमारत शोधा आणि सेक्रेटरीकडून एप्रिल-मेची टँकरची बिलं आणि टाकी उपसायच्या गाडीच्या पावत्या मागा. ‘हद्दवाढ होणार, मग सगळं मिळणार’ असं सांगून जास्त दर मागणाऱ्याला मात्र एक पैसाही वाढवून देऊ नका. ती चर्चा कोल्हापुरात वर्षानुवर्षं सुरू आहे, आणि हद्दवाढ झाली तरी दुसऱ्या दिवशी रस्त्याखाली लाईन पडत नाही.