डोक्याची बॅटरी: दारं धरायला एक नंबर, फिरायला मात्र हातात धरा

ही डोक्याला बांधायची चार्जिंगची बॅटरी मी परभणीच्या मार्केटात साडेचारशेला घेतली. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, तोच माल चार नावांनी मिळतो. घेतली आबांसाठी. आमच्याकडं मोटारीला एक आठवडा दिवसाची लाईट अन एक आठवडा रात्रीची, रात्री दारं धरायची (पिकाला पाणी द्यायचं) म्हणजे एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी, अन मधेच पाण्याचा पाट फुटला की बॅटरी दातात धरून चिखल ओढायचा. ते बघवेना म्हणून आणली. आबा खूश, दोन महिने वापरली, काहीच तक्रार नाही.

मग एप्रिलच्या शेवटी आम्ही वणीला देवीला निघालो, मुक्काम संभाजीनगरला मेव्हण्याकडं होता, अन मी गाडीत असू द्यावी म्हणून ती बॅटरी सोबत घेतली. पोचलो साडेचारला. पोरं गाडीत बसून बसून वैतागलेली, देवगिरीला जाऊन चढून यायला वेळ नव्हता, तर मेव्हणा म्हणला दाजी, लेण्या बघू चला. वेरूळ नाही हो, इथल्याच, बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरातल्या. इतक्या वेळा संभाजीनगरला गेलो पण ह्या कधी बघितल्याच नव्हत्या, लाज वाटली थोडी.

एप्रिलमधला तो डोंगर म्हणजे वाळवंटच बघा. वाळकं पिवळं गवत, काळा दगड, सावली नावाला. एक ते पाच नंबरच्या लेण्या एकीकडं अन सहा ते नऊ तिथून किलोमीटरभर पलीकडं. आम्ही गाडी पहिल्या गटाच्या पायथ्याला लावली अन दुसऱ्या गटाकडं चालतच निघालो, पाणी दोनच बाटल्या, ही चूक आमचीच. पण वरून शहर दिसतं, मधे मकबरा पांढराशुभ्र, अन ऊन उतरायला लागलं की वारा सुटतो, तेवढ्यावर पोरांचा सगळा वैताग गेला.

आता बॅटरीचं. सात नंबरच्या लेणीत बाहेर दाराजवळ अवलोकितेश्वराचं (संकटातून सोडवणारा बोधिसत्त्व) मोठं शिल्प आहे, त्याच्या दोन्ही बाजूला आठ संकटं कोरलेली: आग, तलवारवाला चोर, बेड्या, बुडायलेली नाव, सिंह, साप, हत्ती अन मरण. (समुद्र कुठं अन आपण कुठं, पण नाव कोरलीय, कारण तेव्हा व्यापारी इकडूनच जायचे.) आत गाभाऱ्यात एक नाचणारी बाई अन तिच्या बाजूला वाजवणाऱ्या बाया. आत अंधार पडलेला, मी ऐटीत बॅटरी डोक्याला लावली, फुल केली, अन काय, सगळं सपाट! पांढऱ्या भिंतीसारखं. मला वाटलं झिजलंय. पोरगी म्हणली पप्पा द्या इकडं, अन तिनं ती काढून हातात धरली, बाजूनं, भिंतीला जवळजवळ चिकटवून उजेड मारला तर ती बाई उठूनच आली की! कंबर, बोटं, गळ्यातलं, सगळं. सावली पडली की नक्षी दिसते, अन उजेड डोळ्याच्या रेषेतूनच गेला तर सावली आपल्याला दिसतच नाही. एवढी साधी गोष्ट, बारावी सायन्स करून डोक्यात आली नाही.

परत येताना तेच झालं. लेण्या बंद व्हायची शिट्टी झाली, निघालो, गाडीपर्यंत यायला अंधार पडायलाच लागलेला. डोक्यावर लावली की खड्डा अन दगड सारखाच दिसायचा, मेव्हणा दोनदा अडखळला. कमरेजवळ हातात धरली की खड्डा बरोबर कळतो. वरून किडे सगळे तोंडावर येतात, अन बोलायला मान वळवली की समोरच्याचे डोळे दिपतात, बायको म्हणली आता माझ्याकडं बघूच नका. हलका उजेड ठेवा, तेवढ्यानं भागतं. फुलवर पुढची काच चांगलीच तापते. पट्टा घामानं घसरतो, अन खोक्यावर लिहिलेले ल्यूमेन (उजेडाचं माप) वाचून नुसतं हसायचं.

म्हणून शेतासाठी पाच स्टार, तिथं दोन्ही हात मोकळे लागतात. फिरायला घ्यायची तर साधी हातातली घ्या, दोनशेत येते.

परवा आबांचा फोन, बॅटरी कुठंय, सोमवारपासून रात्रीची लाईट आहे. एसटीनं पाठवून दिली.