जिनिंगच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस 16 : एका हंगामानंतरचा अनुभव

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की जिनिंगच्या ऑफिसातला सर्व्हर बंद ठेवून चालतच नाही. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, भाव, काटापट्टी, चुकारे, सगळं एकाच डेटाबेसमध्ये. गेल्या हंगामापर्यंत तो उबुंटू 12.04 (लिनक्सचाच एक प्रकार) वरच्या पोस्टग्रेस 9.1 या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालला. या हंगामात उबुंटू 24.04 आणि पोस्टग्रेस 16 वर आणला, तोही डॉकर कंटेनरमध्ये (म्हणजे बाकी सिस्टमपासून वेगळ्या ठेवलेल्या डब्यात), कारण सॉफ्टवेअरवाल्यानं तसाच बसवून दिला. आता आवक थांबली आहे, म्हणून शेअर्ड मेमरीबद्दल, म्हणजे अनेक प्रोसेस मिळून वापरतात त्या मेमरीबद्दल, सविस्तर लिहितो. आमचं खरं दुखणं तेच होतं.

जुन्या मशीनमध्ये रॅम 8 जीबी, पण शेअर्ड बफर्स, म्हणजे पोस्टग्रेस डेटा हाताशी ठेवतो ती मेमरी, फक्त 24 एमबी. 9.2 पर्यंत पोस्टग्रेस ही सगळी मेमरी सिस्टम-फाइव्ह या जुन्या युनिक्स पद्धतीच्या एका सेगमेंटमध्ये (तुकड्यात) मागायचा, आणि तेव्हाच्या लिनक्स कर्नेलमध्ये (सिस्टमच्या गाभ्यात) एका सेगमेंटची कमाल मर्यादा, म्हणजे एसएचएम-मॅक्स, मुळात 32 एमबी होती. बफर्स वाढवले की सर्व्हर उठायचाच नाही, लॉगमध्ये ‘इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट’. सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नेलच्या सेटिंगच्या, फाइलीत एसएचएम-मॅक्स वाढवला की काम व्हायचं. तो आकडा बाइटमध्ये लिहायचा आणि एसएचएम-ऑल (सगळ्या सेगमेंटची मिळून मर्यादा) मात्र 4 केबीच्या पेजेसमध्ये, इथं भले भले चुकतात. उपाय चांगलाच होता, पण कोणी मशीन फॉरमॅट केलं की ती एक ओळ राहून जायची आणि ऐन आवकीत काटा अडायचा.

9.3 मध्ये, म्हणजे 2013 साली, पोस्टग्रेसनं मोठी मेमरी एम-मॅप या दुसऱ्या पद्धतीनं, जिला ती मर्यादा लागत नाही, घ्यायला सुरुवात केली. 2014 च्या लिनक्स 3.16 नं तर ती 32 एमबीची मर्यादा जवळपास उठवूनच टाकली. त्यामुळे या वेळी शेअर्ड बफर्स 2 जीबी लिहिले, सर्व्हर रीस्टार्ट केला, झालं. कर्नेलला हातही लावला नाही. चार काट्यांवरून एकदम नोंदी येत असतानाही जुनी काटापट्टी लगेच सापडते. एवढ्यासाठीसुद्धा हा बदल करावा असं माझं मत आहे.

पण मर्यादा गेली नाही, तिनं जागा बदलली. जानेवारीत गाववार चुकाऱ्यांचा अहवाल काढताना एरर आला: शेअर्ड मेमरी सेगमेंटचा आकार वाढवता येत नाही, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. डिस्क अर्धी रिकामी! खिडकीशी शेतकरी उभा, “भाऊ, चुकारा आज भेटन का नाही?” आणि स्क्रीनवर जागा नाही म्हणून सांगतंय.

झालं असं, की मोठी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) आली की नवा पोस्टग्रेस ती दोन-तीन वर्करना (मदतनीस प्रोसेसना) वाटून देतो, आणि त्यांची सामाईक मेमरी लिनक्सवर डेव्ह-एसएचएम या रॅममधल्या जागेतून येते. डॉकरमध्ये ती जागा सांगितल्याशिवाय 64 एमबीच असते. दोन मोठे तक्ते जोडताना सगळे वर्कर मिळून एकच हॅश टेबल (नोंदी पटकन शोधायची यादी) तिथं बांधतात, त्याला 64 एमबी कुठं पुरणार? एररमधलं ‘डिव्हाइस’ म्हणजे ही मेमरी, हार्ड डिस्क नव्हे. डॉकरच्या कंपोज फाइलीत (कंटेनरची मांडणी असते त्या फाइलीत) एसएचएम-साइझ 1 जीबी लिहून कंटेनर नव्यानं उभा केला आणि तोच अहवाल निघाला. ही 1 जीबी आधीच अडकून पडत नाही, वापरली तेवढीच रॅम जाते. कंटेनर बदलणं लगेच शक्य नसेल तर मॅक्स-पॅरलल-वर्कर्स-पर-गॅदर हे पोस्टग्रेसचं सेटिंग शून्य करा, म्हणजे वर्कर वापरलेच जाणार नाहीत, अहवाल हळू निघेल पण निघेल. वर्करांची ही मेमरी (डायनॅमिक शेअर्ड मेमरी) एम-मॅपवर टाकायचा पर्यायही आहे, पण ती मेमरी मग डेटा फोल्डरमधल्या फाइलींत जाते. आमच्या साध्या हार्ड डिस्कवर मी तो वापरणार नाही.

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सिस्टम-फाइव्हचा एक अगदी लहानसा सेगमेंट पोस्टग्रेस अजूनही मुद्दाम ठेवतो. एकाच डेटा फोल्डरवर दोन सर्व्हर सुरू होऊ नयेत म्हणून ती राखण आहे. आमच्याकडे लाइन जाते, इन्व्हर्टर संपतो, मशीन धाडकन बंद पडतं. परत चालू झाल्यावर पोस्टग्रेस स्वतःच हे सगळं तपासून उठतो, पोस्टमास्टर-पीआयडी फाइल (चालू सर्व्हरची नोंद) हातानं उडवायची गरज पडत नाही, आणि उडवूही नये. मात्र दोन वेगळ्या कंटेनरना एकमेकांचा हा सेगमेंट दिसत नाही, आणि दोन्हींत पोस्टग्रेसचा प्रोसेस नंबर बहुतेक 1 च असतो, म्हणजे राखण आंधळी होते. जुना कंटेनर चालू असताना त्याच फोल्डरवर नवा उभा केला तर दोघंही लिहीत सुटतील आणि डेटा खराब होईल. हे बसवणाऱ्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं. आता कंटेनर बदलायच्या आधी जुना पूर्ण थांबलाय ना, हे मी स्वतः पाहतो, मग काट्यावर कितीही गाड्या उभ्या असोत.

8 जीबी मशीनवर आमची मांडणी अशी ठरली: शेअर्ड बफर्स 2 जीबी, डेव्ह-एसएचएम 1 जीबी, वर्क-मेम (क्वेरीतल्या एकेका सॉर्ट-हॅशच्या कामाला मिळणारी मेमरी) 16 एमबी. ह्यूज पेजेसच्या (मेमरी मोठ्या तुकड्यांत घेण्याच्या) भानगडीत पडलो नाही, एवढ्या मेमरीला त्याची गरज भासली नाही. पुढच्या हंगामात रॅम 16 जीबी करायची आहे, तेव्हा ते करून बघेन.