पोरासाठी घेतलेली हर्ली, एक सीझन वापरून झाल्यावर

आयर्लंडमधल्या कॉर्कला येऊन तीन वर्षं झाली. इथं मुलगा शाळेत गेला की आज ना उद्या हर्ली, म्हणजे हर्लिंग या इथल्या खेळाची लाकडी स्टिक, घ्यावीच लागते. दिसायला हॉकी स्टिकची चुलत बहीण, पण खेळ भलताच, बॉल (स्लिटर म्हणतात) हवेतल्या हवेत टोलवायचा, हातात झेलायचा, स्टिकवर तोलत पळायचं. आयरिशमध्ये तिचं नाव कमॉन, मला पहिल्यांदा आपली कमानच ऐकू आली आणि खालून असतेही तशीच वाकडी.

तर पहिली हर्ली मी ऑनलाइन मागवली, 30 इंची, वाढत्या अंगाला होईल म्हणून. आपली सवय जात नाही ना! पोरगं आठ वर्षांचं, त्याला ती उचलून फिरवताच येईना. कोचनं तिला त्याच्या पायाशेजारी उभी धरली आणि हसला, म्हणे टोक कमरेच्या हाडाशी यायला हवं, हे तर छातीला लागतंय. शिवाय मी घरी क्रिकेटच्या बॅटसारखी ग्रिप शिकवून ठेवलेली, डावा हात वर. इथं उजव्या माणसाचा उजवा हातच वर. सगळं पहिल्यापासून.

परत पाठवायची तर शिपिंग आपल्याच माथी, म्हणून ठेवून दिली आणि 26 इंची एका माणसाकडून घेतली, घरामागच्या शेडमध्ये बनवतो, 25 युरो. ही मात्र झकास. अ‍ॅशच्या झाडाचा बुंधा मुळाकडे जिथं पसरतो तिथलं लाकूड यासाठी घेतात, कारण रेषा तिथंच मुळात वळलेल्या असतात. घेताना तेवढं बघाच, खालच्या पसरट भागात (त्याला बास म्हणतात, म्हणजे तळहात) रेषा वळणाबरोबर वळल्या पाहिजेत, सरळ बाहेर गेल्या असतील तर तिथंच तडा जाणार. 2012 पासून इथल्या अ‍ॅशला बुरशीचा रोग लागलाय त्यामुळे चांगलं लाकूड मिळणं अवघड झालंय असं तो सांगत होता, बांबूच्या पण निघाल्यात आता. पोरानं मित्राची बांबूवाली दोन दिवस वापरली आणि स्वतःचीच बरी म्हणाला. हेल्मेटचा खर्च वेगळा धरा, त्याशिवाय ग्राउंडवर उभं करत नाहीत.

टिकाऊपणा? जुलैत तडकलीच, दोघांनी एकाच बॉलवर मारलं आणि खाडकन आवाज. मला वाटलं गेले 25 युरो. क्लबातले एक आजोबा म्हणाले आण इकडे, गाडीच्या डिकीतून ग्लू, पत्र्याची पट्टी, बारीक खिळे काढले, दहा मिनिटांत पट्टी ठोकून हातात दिली. पैसे विचारले तर म्हणे शनिवारी लवकर ये, ग्राउंडवर प्रॅक्टिसचे प्लास्टिकचे कोन लावायचेत. तेव्हापासून दर शनिवारी मीच लावतोय 😄

इथं सगळं असंच चालतं. क्लब म्हणजे आपला एरिया, कोच कुणाचा तरी बाबा, आणि वर काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखं) टीमपर्यंत खेळणाऱ्यांना पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कला 82 हजार लोकांसमोर फायनल खेळणारे लोक इतर दिवशी शाळेत शिकवत असतात नाहीतर शेतात असतात. 2024 च्या फायनलला कॉर्क क्लेअर काउंटीकडून हरलं, 1-34 विरुद्ध 3-29, मला आधी वाटलं आपणच जिंकलो. मग शेजाऱ्यानं समजावलं, पहिला आकडा गोल, गोलाचे तीन पॉइंट, म्हणजे 37 विरुद्ध 38. तेही एक्स्ट्रा टाइममध्ये! आमच्या गल्लीतले लाल-पांढरे झेंडे पुढे कितीतरी दिवस कुणी काढलेच नाहीत.

शेडवाल्याला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण ग्रिपची टेप महिन्यात सुटली, ती घरी परत गुंडाळावी लागते.

30 इंची दाराआड उभी आहे. पोरगं दर रविवारी तिच्याशेजारी उभं राहून बघतं, टोक अजून कमरेच्या बरंच वर येतं.