छुआनजौचं सागरी संग्रहालय: आधी जहाज बघा, मग दगड

चीनच्या फूज्येन किनाऱ्यावरचं छुआनजौ म्हणजे अरब ज्याला झैतून म्हणत ते बंदर. इब्न बतूता चौदाव्या शतकात इथेच उतरला होता. सुंग आणि युआन राजवटींच्या काळातल्या (दहावं ते चौदावं शतक) या बंदराच्या २२ जागा २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. पूल, मशीद, मनोरे सगळं बघण्यासारखं आहे, पण बंदर चालायचं कसं, हे कळतं ते सागरी संग्रहालयातच. हाताशी एकच दिवस असेल तर तो इथेच घालवावा.

एक घोटाळा हमखास होतो. १९५९ साली सुरू झालेलं हे संग्रहालय दोन ठिकाणी विभागलेलं आहे. मुख्य इमारत तुंगहू रस्त्यावर आहे, पण गाळातून काढलेलं सुंग काळातलं जुनं जहाज तिथे नाही, ते खाययुआन या बौद्ध मंदिराच्या आवारातल्या वेगळ्या दालनात आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘हायज्यावक्वान’ (सागरी संग्रहालय) म्हटलं की तो मुख्य इमारतीपाशी सोडतो. जहाजासाठी मंदिराचंच नाव सांगा. प्रवेशाला पैसे नाहीत, पासपोर्ट मात्र जवळ हवा. सोमवारी सुट्टी असते, तो दिवस टाळा.

सुरुवात जहाजापासून करावी. १९७४ मध्ये हौजू बंदराच्या गाळातून ते वर काढलं. उरलेला सांगाडा २४ मीटरहून थोडा लांब आणि ९ मीटरहून थोडा रुंद आहे. आधी वरच्या सज्जातून बघा, म्हणजे १२ आडव्या भिंती आणि त्यांनी पाडलेले १३ कप्पे एका नजरेत दिसतात. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे कोरडे राहावेत म्हणून ही रचना. खाली उतरल्यावर भिंतींच्या बुडाशी, कण्यालगत (तळाच्या मुख्य लांब तुळईलगत), लहान भोकं शोधा. तळाशी साचलेलं पाणी त्यातून एका जागी येई आणि तिथून उपसता येई. संकटात भोकं बुजवून टाकायची. फळ्या तळाशी दुहेरी आणि बाजूंना तिहेरी आहेत, फटींत तुंग तेल (तुंग झाडाच्या बियांचं तेल), चुना आणि ताग कालवून भरलेलं आहे. कण्याच्या सांध्यात सप्तर्षींच्या आकारात भोकं पाडून त्यात नाणी ठेवलेली होती आणि शेजारी काशाचा आरसा. सुतारांनी जहाजाच्या पोटात लपवलेलं हे मागणं होतं, समुद्राने सांभाळून न्यावं म्हणून.

मालात सुगंधी लाकूड सर्वाधिक, दोन हजार किलोंहून जास्त. शिवाय मिरी, सुपारी, धूप, हिंगूळ, पारा, कासवाच्या पाठी, कवड्या. नाण्यांतलं सगळ्यात अलीकडचं १२७० च्या दशकातलं, म्हणजे जहाज त्यानंतर बुडालं. कपाटातल्या लाकडी पट्ट्यांवरून घाईने पुढे जाऊ नका. कुठला माल कुणाचा, ते त्यांवर लिहिलं आहे. काहींवर ‘नानज्या’ असा शब्द आहे. छुआनजौला वस्ती करून राहिलेल्या सुंग राजघराण्याच्या शाखेशी अभ्यासक तो जोडतात. म्हणजे व्यापारात राजकुळाचाही पैसा होता.

या पट्ट्या बघितल्यावर बंदराचा कारभार समजायला सोपा जातो. १०८७ मध्ये इथे सागरी व्यापाराची सरकारी कचेरी उघडली. जहाज आलं की अधिकारी माल तपासत, ठरलेला हिस्सा कर म्हणून मालातच कापून घेत, काही जिन्नस सरकारी भावाने उचलत आणि उरलेला माल बाजारात विकायला मोकळा होई. बाहेर जाणाऱ्या जहाजाला परवाना लागे. अनुकूल वाऱ्यासाठी हेच अधिकारी ज्यूरी डोंगरावर प्रार्थना करत. ११७४ ते १२६६ या काळातले त्यांचे लेख तिथल्या खडकांवर आहेत. वारा फिरला नाही तर जहाजं अडकत आणि महसूलही बुडे.

खाययुआन सोडण्याआधी मुख्य सभामंडपाच्या मागच्या ओसरीत जा. तिथल्या सोळा पैलूंच्या दोन खांबांवर कृष्ण आणि नरसिंह कोरले आहेत. बौद्ध मंदिरात हे आलं कुठून? इथे तमिळ व्यापाऱ्यांचं देऊळ होतं. १२८१ सालचा तमिळ शिलालेखही शहरात सापडला आहे. देऊळ पडल्यावर त्याचे दगड मंदिरांत आणि तटबंदीत लागले.

तट पाडला गेला तेव्हा वू वनल्यांग या शाळामास्तरांनी असे दगड वेचून जपले. त्यांचा संग्रह आता मुख्य इमारतीतल्या शिलादालनाचा गाभा आहे. तिथे निदान दोन तास हवेत. अरबी लेखांच्या थडग्यांची संख्या मोठी आहे. नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका ख्रिस्ती पंथाचे) क्रूस कमळावर उभे आहेत. हिंदू दगडांत शिवलिंगाला फूल वाहणारा हत्ती अवश्य बघा. खांब आधी बघितले असतील तर इथले सुटे तुकडे कुठल्या देवळाचे, ते लगेच लक्षात येतं. दोन जागांमुळे होणारी पायपीट वगळता तक्रारीला जागा नाही.

वेळ उरलाच तर ज्यिनज्यांगमधलं छृद्येन गाव गाठा. तिथल्या छोट्या देवळात चोळ शैलीतली एक देवी आजही क्वानयिन (चिनी बौद्धांची करुणेची देवी) म्हणून पुजली जाते.