उलव्यातलं ‘प्री-लाँच’ घर आणि आमचे अकरा लाख

नवी मुंबईतल्या उलवे, द्रोणागिरी, करंजाडे, पुष्पकनगर या पट्ट्यात कुणी तुम्हाला ‘रेरा यायच्या आधीचा’, म्हणजे गृहप्रकल्पाची कायद्याने लागणारी नोंदणी होण्याआधीचा, भाव सांगून पैसे मागत असेल, तर चेकवर सही करण्याआधी हे वाचा. आमचे अकरा लाख असेच अडकलेत. आमच्यासारखी आणखी चाळीसेक कुटुंबं आहेत. आणि आमचे पैसे घेणारी माणसं आता दुसऱ्या नावाचा बोर्ड लावून दुसऱ्या सेक्टरमध्ये बुकिंग घेतायत, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आम्ही कोपरखैरण्यात भाड्याने राहतो. नवरा महाप्याला एमआयडीसीत, मी ठाण्यात एका पतपेढीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीने, २६ हजार घरांची योजना काढली तेव्हा आम्हीही आशेवर होतो. जानेवारीत किमती जाहीर झाल्या, त्यात वाशीच्या ट्रक टर्मिनलजवळचं अल्प उत्पन्न गटाचं घर ७४ लाखांच्या घरात. अल्प उत्पन्न गटाचं! ते ऐकून आमच्या ओळखीतले कितीतरी जण उलव्याकडे वळले, आम्हीही वळलो. उलव्यात इमारती कमी नाहीत, खारकोपर स्टेशनच्या दोन्ही बाजूंना क्रेन दिसतात. पण ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळालेल्या इमारतीतला वन बीएचके आम्हाला सत्तर लाखांच्या आत कुणी सांगितला नाही. अशात एका एजंटने पंचावन्नचा सांगितला.

त्या एजंटने सांगितलेल्या बातम्या खऱ्या होत्या, हे नीट लक्षात घ्या. अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी सुरू झाली, हे खरं. नवी मुंबई विमानतळ होणार हे खरं, भाव वाढतायत हेही खरं. या माणसांना खोट्या बातम्या द्याव्याच लागत नाहीत. खरी बातमी सांगायची आणि तिला एक तारीख चिकटवायची, की समोरच्याचा कागद बघायचा वेळ संपतो. आमच्याकडून सुरुवातीला ५१ हजार घेतले, मग दहा टक्के पुरे करून घेतले. उरलेले दहा टक्के ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मागितले. ८ तारखेला विमानतळाचं उद्घाटन होतं. “पंतप्रधान येऊन गेले की दुसऱ्या दिवसापासून फुटाला आठशे वाढणार ताई, मालकांनीच सांगितलंय,” असा त्याचा रात्री साडेनऊला फोन. पंचावन्न लाखांचे वीस टक्के म्हणजे अकरा लाख. त्यात माझ्या सासूबाईंची मोडलेली एफडी आहे.

वाशीतलं त्यांचं ऑफिस झकपक. माहितीपत्रकावर रेराचा नंबर होता आणि क्यूआर कोडही. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात घरांच्या जाहिरातीवर असा कोड छापणं बंधनकारक आहे. आम्ही तो स्कॅन केला. महारेराची, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाची, खरीखुरी साइट उघडली, प्रकल्प नोंदलेला दिसला. फक्त तो त्याच ग्रुपचा कामोठ्यातला जुना प्रकल्प होता. नावं जवळपास सारखी, एका शब्दाचा फरक. तेव्हा कोड स्कॅन झाला म्हणजे झालं, असं समजू नका. साइटवर उघडलेल्या पानावरचा सेक्टर, भूखंड क्रमांक आणि प्रवर्तकाचं, म्हणजे प्रकल्प करणाऱ्या बिल्डरचं, नाव हे तिन्ही तुमच्या पावतीशी जुळवून बघा. आमची पावती तर तिसऱ्याच भागीदारी संस्थेच्या नावाने होती.

आता मूळ घोटाळा. तो समजायला साडेबारा टक्क्यांचा भूखंड म्हणजे काय ते माहीत हवं. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणमधल्या गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन द्यायची योजना आली. उलव्यातल्या बऱ्याच इमारती अशाच भूखंडांवर उभ्या आहेत आणि त्यातल्या रीतसर झालेल्यांना काहीही अडचण नाही. रीत अशी: सिडको मूळ खातेदाराला किंवा त्याच्या वारसांना भूखंड वाटप करते, त्यांच्याशी भाडेपट्ट्याचा करार होतो, मग बिल्डर येतो आणि सिडको, मूळ धारक आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करार होतो. त्यानंतर बांधकाम परवानगी, म्हणजे सीसी. सीसीनंतर रेरा नोंदणी, आणि नोंदणीनंतरच जाहिरात आणि बुकिंग.

आमच्या बाबतीत बिल्डरकडे यातलं काहीच नव्हतं. होती ती नुसती ‘फाईल’. वारसांची नावं लागायची होती, भूखंडाचं वाटपच झालेलं नव्हतं, आणि आम्हाला दाखवलेला पत्र्याचं कुंपण घातलेला प्लॉट दुसऱ्याच कुणाचा होता. तिथे जेसीबी उभा करून भूमिपूजनाचे पेढेसुद्धा वाटले होते.

हे बाहेर आलं ते बँकेमुळे. कर्जासाठी गेलो तर बँकेच्या वकिलाने सीसी आणि त्रिपक्षीय कराराची प्रत मागितली. बिल्डर म्हणाला, विमानतळामुळे इमारतीच्या उंचीची एनओसी (ना हरकत दाखला) अडकलीय, तोवर आमच्या ओळखीच्या फायनान्स कंपनीकडून घ्या. उंचीची एनओसी ही या भागात खरीच लागते, त्यामुळे सबब पटण्यासारखी वाटते. पण ती एनओसी आणि त्रिपक्षीय करार यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बँकेचा वकील कागद मागत असताना बिल्डर दुसरी कर्ज देणारी कंपनी सुचवत असेल, तर तिथेच थांबा. आम्ही थांबलो, बेलापूरला सिडको भवनात गेलो आणि माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तरात वाटप झालं नसल्याचं लेखी आलं.

त्या फाईलवर ज्यांचं नाव होतं त्या गव्हाणच्या काकांनाही आम्ही जाऊन भेटलो. ते म्हणाले, “माझी सही घेतली, दोन लाख हातात ठेवले, भावांना तर विचारलंच नाही.” म्हणजे जमीन ज्यांची गेली त्यांचीही फसवणूक आणि घर घेणाऱ्यांचीही. मला याचाच जास्त संताप येतो.

कायदा इतका स्पष्ट आहे की हे लोक उजळ माथ्याने फिरतात कसे, असा प्रश्न पडतो. रेरा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे नोंदणीशिवाय जाहिरात, बुकिंग, विक्री काहीच करता येत नाही. त्याला प्री-लाँच म्हणा, ‘एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट’ म्हणा नाहीतर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली ऑफर’. कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आमच्याकडून वीस टक्के घेतले आणि हातात अलॉटमेंट लेटर दिलं. एजंटचीही रेरा नोंदणी लागते. आमच्याकडे आलेल्याची नव्हती.

पंचावन्न आणि सत्तर यांतला पंधरा लाखांचा फरक कुठून येतो, याचा मी पुष्कळ विचार केला. जमीन घ्यायला बिल्डरांना बँका सहसा कर्ज देत नाहीत. बाजारातला पैसा महाग पडतो. मग परवानग्या मिळेपर्यंतचा सगळा खर्च आणि सगळी जोखीम आपल्या गळ्यात टाकायची आणि त्याला सवलत म्हणायचं. परवानगी आली तर भाव वाढल्याचा फायदा त्यांना जास्त मजले विकून मिळतो, नाही आली तर पैसे आपले अडकतात. घरं कमी आणि ती परवडणारी नाहीत, म्हणून लोक हे पत्करतात. ही गरज त्यांना पक्की ठाऊक असते.

आता पैसे परत मागितल्यावर काय होतं ते सांगते, कारण इथे दुसऱ्यांदा फसवतात. आम्हाला पुढच्या तारखांचे चेक दिले आणि बदल्यात मूळ पावत्या व अलॉटमेंट लेटर मागितलं. ते देऊ नका. फार तर झेरॉक्सवर पोच लिहून द्या. मग दर वेळी फोन येतो, “या आठवड्यात टाकू नका, खात्यात पैसे येऊ द्या.” चेकची मुदत तारखेपासून तीन महिने असते. ती उलटली की चेक न वटल्याची केससुद्धा करता येत नाही. आमच्या गटातल्या काही जणांचे चेक असेच बाद झाले. मी पतपेढीत रोज चेकच हाताळते, म्हणून आमचा वेळेत टाकला. तो परत आला. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत वकिलामार्फत नोटीस पाठवली, पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, त्यावर कोर्टात कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची, तक्रार दाखल केली आहे.

आम्ही सगळे पैसे आरटीजीएसने दिले, ‘वरचे’ रोख द्यायला नवऱ्याने ठाम नकार दिला होता. ज्यांनी रोख दिले त्या कुटुंबांकडे आज दाखवायला काहीच नाही. एक ताई तर अजून घरी सांगू शकलेल्या नाहीत.

महारेराकडेही तक्रार केली आहे, फी पाच हजार रुपये आहे. प्रकल्प नोंदलेला नसला तरी तिथे दाद मागता येते. नोंदणी टाळल्याबद्दल प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. पोलिसांकडे आम्ही एकत्रित अर्ज दिलाय आणि गव्हाणचे काका जबाब द्यायला तयार झालेत. त्यांचा मुलगा स्वतः कागद घेऊन आमच्याबरोबर आला होता.

ज्यांच्याकडे या बिल्डरचे चेक अजून घरात पडून आहेत, त्यांनी आजच तारीख बघा. तीन महिने उलटले नसतील तर उद्या सकाळी बँकेत टाका, त्यांचा कितीही फोन आला तरी.