फी भरून ओपन अ‍ॅक्सेस की बिनफीचं सोसायटीचं जर्नल? ग्रीन केमिस्ट्रीचा पेपर टाकण्याआधी

जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं-पोरी सध्या ग्रीन केमिस्ट्रीत (कमी कचरा, कमी घातक रसायनं अशी केमिस्ट्री) पीएचडी करतायत आणि पहिला पेपर तयार झाला की सगळ्यांचा प्रश्न तोच, पैसे भरून, सगळ्यांना फुकट वाचता येईल अशा जर्नलमध्ये टाकून पटकन मोकळं व्हायचं की केमिस्टांच्या सोसायटीच्या (संस्थेच्या) जुन्या, लेखकाकडून फी न घेणाऱ्या जर्नलला पाठवून वाट बघत बसायची. मी दोन्ही केलंय, तेही एकाच विषयावर, म्हणून लिहितोय.

विषय म्हणजे केळीच्या सालीची राख. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या कचऱ्याला काय तोटा. साल वाळवायची, जाळायची, राख पाण्यात ढवळून गाळायची, त्या पाण्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट उतरतं आणि ते बेस (आम्लारी) म्हणून चालतं. आम्ही त्यात नोव्हेनागेल (बेसच्या मदतीनं दोन रेणू जोडायच्या) रिअ‍ॅक्शन केल्या.

पहिला पेपर फीवाल्या जर्नलला टाकला. पाच आठवड्यांत छापून आला, आणि खरं सांगतो, लिंक उघडली तेव्हा फार बरं वाटलं. कोणालाही फुकट वाचता येतो हेही मोठंच. फी गाईडच्या प्रोजेक्टमधून गेली. अशा जर्नलची फी दोन हजार डॉलरच्या आसपास धरा, म्हणजे दीड लाखाच्या वर, आणि फीमाफीच्या यादीत भारत सहसा बसत नाही. पण पैशाचं जाऊ द्या, मला खटकलं ते वेगळंच.

पेपरच्या टायटलमध्येच आम्ही लिहिलं होतं की घातक सॉल्व्हंट न वापरता. रिअ‍ॅक्शन पाण्यात होती, तेवढं खरं. पण प्रत्येक प्रॉडक्ट शुद्ध करायला आम्ही कॉलम लावत होतो, म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून पेट इथरसारखं सॉल्व्हंट सोडून माल वेगळा करायचा, मे महिना, बाहेर ४४-४५, पेट इथरचे बुडबुडे धरून सिलिकाला चिरा पडायच्या, की परत पॅक करा, आणि कोपऱ्यातला वेस्टचा कॅन बघता बघता भरायचा. त्या वासानं संध्याकाळपर्यंत डोकं धरायचं. हे सगळं एक्सपेरिमेंटलमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं, लपवलं काहीच नव्हतं, तरी एकाही रिव्ह्यूअरनं (जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञानं) विचारलं नाही की बाबा मग हे ग्रीन कसं? एकानं इंग्रजी सुधारा म्हटलं, दुसऱ्यानं चार पेपर साइट करायला सांगितले, चारही एकाच ग्रुपचे. बस, झाला अ‍ॅक्सेप्ट.

दुसरा पेपर बिनफीच्या सोसायटी जर्नलला. पहिल्या ठिकाणी एडिटरनं आठ दिवसांतच परत केला, दुसरीकडे सात महिने लागले. सात महिने, भो! गाईड मॅडम रोज विचारायच्या. पण तिथल्या एका रिव्ह्यूअरनं विचारलं, बाजारातलं पोटॅशियम कार्बोनेट तेवढंच घातलं तर काय होतं? आम्ही करून बघितलं, यील्ड (हाती आलेला माल) जवळपास तेवढंच. दोन दिवस लॅबमध्ये कोणी धड बोललं नाही. मग दावाच बदलला, केळीत काही जादू नाही, पण विकत घ्यायच्या बेसच्या जागी शेतातला कचरा चालतो, आणि हे वाक्य छातीठोकपणे लिहिता आलं. त्याचा दुसरा प्रश्न, कॉलम धरून ई-फॅक्टर किती? रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये हे माप मांडलं, एक किलो मालामागे किती किलो कचरा. औषध उद्योगात तो २५ ते १०० किंवा त्याहून जास्त धरतात. आमचा कॉलमसकट मोजला तर त्याच्याही पुढे गेला. अनास्टास आणि वॉर्नर यांच्या १९९८ च्या ग्रीन केमिस्ट्रीच्या बारा तत्त्वांतलं पहिलंच आहे, कचरा मुळात होऊच देऊ नका, आणि आम्ही ते प्रस्तावनेत कॉपी करून कॅन भरत होतो! शेवटी कॉलम काढून टाकला, बर्फाच्या पाण्यात ओतलं की प्रॉडक्ट खाली बसतं, गाळायचं आणि इथेनॉलमधून रीक्रिस्टलाइझ करायचं. बहुतेक सगळ्या प्रॉडक्टला हे चाललं.

आता सगळेच फीवाले असे नसतात, काहींचे रिव्ह्यू कडक असतात हे मान्य, माझा अनुभव एकाच पेपरचा आहे. प्रोजेक्टचा निधी संपत आला असेल, मुलाखत तोंडावर असेल तर मी कोणाला अडवणार नाही. पण २०२२ च्या यूजीसी नियमांत थिसिस जमा करण्याआधी पेपरची सक्ती राहिलेली नाही, आपल्या विद्यापीठाचं काय ते तेवढं विचारून घ्या, म्हणजे घाईचं मोठं कारण गेलं. यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, आता जर्नल पारखायचं काम आपल्याच गळ्यात. फुकट वाचायला मिळावं हीच तळमळ असेल तर सोसायटीच्या जर्नलला पाठवताना केमआर्काइव्ह या वेबसाइटवर प्रीप्रिंट, म्हणजे रिव्ह्यूआधीची प्रत, टाकता येतो, फक्त त्या जर्नलला ते चालतं का बघा. ऑरगॅनिकचं काम असेल तर बाइलस्टाइन जर्नल किंवा आर्किव्हॉक आहेत, तिथे लेखकालाही फी नाही आणि वाचकालाही नाही. सरकारी संस्थांतल्या वाचकांना तर जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या सरकारी वर्गणी योजनेतून सुमारे १३ हजार जर्नलं उघडली आहेत.

माझा तिसरा पेपर परत त्याच सात महिन्यांवाल्या जर्नलला गेलाय. चौथा आठवडा चालू आहे, अजून अंडर रिव्ह्यूच दिसतंय.