जुन्या इंजिनाची कॅम चेन: अखंड घ्यावी की रिव्हेटची?

कॅम चेन म्हणजे क्रँकची गती कॅमला देऊन व्हॉल्व्हची उघडझाप करवणारी इंजिनातली चेन. जुन्या मोटरसायकलची कॅम चेन निवडताना किंमत नंतर पाहा, आधी इंजिन किती उघडणार ते ठरवा. फुल इंजिन निघाले असेल तर अखंड (कारखान्यातच पूर्ण जोडलेली) चेनच टाका. फक्त हेडचे काम असेल तर रिव्हेटची जोडकडी (पिनची टोके पसरवून पक्की करायची कडी) असलेली चेन चालते, पण मग सगळी भिस्त त्या एका कडीवर.

नंबर आधी पक्का करा. लहान सिंगल इंजिनांत बऱ्याचदा २५एच असते, पिच (लगतच्या दोन पिनांमधले अंतर) ६.३५ मि.मी. जुन्या मोठ्या इंजिनांत २१९ भेटते, पिच ७.७७४ मि.मी. काहींत दातेरी पट्ट्यांची सायलेंट चेन असते. तिचे स्प्रॉकेटच (चेनचे दातेरी चाक) निराळे, तिथे बुशवाली (पिनभोवती नळी असलेली) चेन बसत नाही. कड्या मोजा. संख्या विषम आली तर मोजणीच चुकली आहे.

चेन खरोखर गेली आहे का? ती ओढून सरळ धरा आणि २० पिच मोजा. नवी २१९ असेल तर १५५.५ मि.मी. भरतात, २५एच असेल तर १२७. पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि बुश घासतात आणि दर सांध्यातला थोडा थोडा ढिलेपणा साठत जातो. क्रँकपासून कॅमपर्यंतच्या ताणलेल्या बाजूला २१९च्या ४० कड्या धरल्या, तर अर्धा टक्का झिजेने ती बाजू दीड मि.मी. लांबते. ३२ दात्यांच्या कॅम स्प्रॉकेटवर याचा अर्थ क्रँकचे सुमारे साडेचार अंश उशिरा व्हॉल्व्हचे टायमिंग. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) आवाज दाबतो, हा उशीर भरून काढत नाही.

अखंड चेनमध्ये प्रत्येक पिन कारखान्यात एकाच दाबाने बसलेली असते, कमकुवत जागा नसते. अडचण बसवण्याची. क्रँकच्या मधोमध स्प्रॉकेट असेल तर क्रँककेस फोडावीच लागते. पण अनेक सिंगल इंजिनांत स्प्रॉकेट मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) मागे असते. कव्हर, रोटर आणि स्टेटर प्लेट काढली की चेन बाहेर येते. हे पाहिल्याशिवाय रिव्हेटची चेन मागवू नका.

रिव्हेटची चेन जुन्या चेनच्या मागोमाग ओढून घेतात. प्लग काढा, आणि रॉकर सैल करून किंवा काढून सगळे व्हॉल्व्ह बंद राहतील असे करा. चेनच्या बोगद्यात कापड कोंबा, मगच जुन्या चेनच्या एका पिनचे डोके घासा. लोखंडाचा कीस खाली गेला तर तो थेट तेलात जातो. कटरने पिन काढल्यावर कापडही काढा, नवी चेन तात्पुरत्या कडीने जोडा आणि क्रँक स्पॅनरने सावकाश फिरवा. दोन्ही टोके ताणून धरायला दुसरा माणूस हवा, नाहीतर चेन खाली गोळा होऊन अडकते. शेवटी बाहेरची पट्टी दाबून बसवा आणि पिनची टोके पसरवा. कमी पसरली तर पट्टी सरकते, जास्त दाबली तर कडी ताठ होते. बोटाने वाकवली तर ती शेजारच्या कड्यांइतकीच सहज वळली पाहिजे. भिंगातून डोक्यावर चीर दिसली तर कडी फेकून द्या आणि नवी लावा. तीच पुन्हा ठोकायची नाही.

क्लिपची कडी (रिव्हेटऐवजी पिनवर क्लिप अडकवून जोडायची) मात्र नकोच. २१९ पिच गो-कार्टलाही लागतो, त्यामुळे ती चेन सहज मिळते आणि मोह होतो. पण गाइडवर (चेन जिच्यावर सरकते त्या पट्टीवर) घासून क्लिप निघाली तर ती क्रँककेसमध्येच पडणार.

गोदामात पडून राहिलेला जुना अस्सल माल? तेलात गुंडाळलेला आणि डाग नसलेला असेल तर उत्तम. पिनवर गंजाचे खड्डे दिसले तर त्याची किंमत शून्य समजा. त्याच काळातले टेन्शनरचे आणि गाइडचे रबर तर घेऊच नका. न वापरताही ते कडक होते, मग तुकडे सुटून तेलाच्या जाळीत अडकतात.

स्प्रॉकेटचे दाते एका बाजूला हुकासारखे वळले असतील तर कोणतीही नवी चेन त्यांवर लवकर जाते. जोडणी झाल्यावर टेन्शनर बसवून क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा आणि टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळवा. मध्येच टणक अडथळा लागला तर जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला आहे.